सेकंडहँड गाडीच्या मीटरमधले दिवे आणि एसीजवळची बटणं: काय दिसलं की लगेच थांबायचं, काय घरी आल्यावर बघायचं?

तुम्ही लिहिलंय की २०२० चं मॉडेल, पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली, सोबतचं पुस्तक मिळालं नाही, आणि गणपतीला आई-वडील, बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून चिपळूणला जायचंय. मी याच रस्त्याने, उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट मार्गे, गेली अठरा वर्षं ये-जा करतोय. म्हणून पावसातला घाट डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतो.

पहिलं काम आजच करा, गाडी जागेवर उभी असताना. चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबत जा, मीटर पूर्ण उजळेपर्यंत. सगळे दिवे एकदम लागतील. ही त्यांची हजेरी असते. एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवे काही सेकंदांत आपापले विझतात. ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिन हे तिघे इंजिन चालू होईपर्यंत थांबतात आणि चालू झालं की जातात. मोबाइलवर याचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे तुमच्या गाडीत कोणकोणते दिवे आहेत ते सावकाश बघता येईल.

या हजेरीत एअरबॅगचा दिवा (बसलेला माणूस आणि त्याच्या पोटाशी गोल फुगा) लागतो का, ते नीट बघा. सेकंडहँड गाडीत तो लागलाच नाही तर गाडी घाटात न्यायच्या आधी तपासून घ्या. अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता नुसती दिव्याची जोडणी काढून गाडी विकल्याचं मी स्वतः पाहिलंय. दिवा लागून तसाच राहिला तर मात्र आधी पुढच्या सीटखाली हात घालून बघा. नवे सीट कव्हर चढवताना किंवा सीटखाली सामान कोंबताना तिथलं कनेक्टर सैल होतं, हे बरेचदा कारण निघतं. ते स्वतः ओढाताण करून लावू नका. एअरबॅगची वायरिंग आहे, मेकॅनिककडूनच बसवून घ्या.

आता रंग. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या, हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढीच माहिती. चिन्हंही बहुतेक सगळ्या कंपन्यांची सारखी असतात, कारण त्यांच्यासाठी आयएसओ २५७५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं पुस्तक हाती लागलं तरी चिन्हांपुरतं ते उपयोगी पडतं. तुमच्या मॉडेलचं पुस्तकही कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा फुकट मिळेल, उतरवून घ्या.

लाल दिव्यांत सगळ्यात वाईट दिवा ऑइलचा. तेलाची झारी आणि तिच्या चोचीतून पडणारा थेंब, असं त्याचं चित्र असतं. २०१४ साली मामांच्या गाडीत मी मागे बसलो होतो. चिपळूणहून घाट चढून वर आलो आणि एका खड्ड्यात खालून दगड लागला, मोठा आवाज झाला. दोनेक मिनिटांत वळणावर झारी लुकलुकली, सरळ रस्त्यावर विझली, पुढच्या वळणावर पुन्हा लागली. मामा म्हणाले, "हेळवाक आलंच, तिथे दाखवू." तिथपर्यंत गाडी पोचली नाही. आधी इंजिनातून टक् टक् असा आवाज यायला लागला, मग तो वाढत जाऊन लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा झाला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. इंजिन जाम. खर्च ६० हजारांच्या वर गेला, आणि आम्ही सहा जण अंधार पडेपर्यंत पावसात उभे.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण, ही झारी ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचा दाब गेला हे सांगते. दाब गेला म्हणजे बेअरिंगमध्ये तेलाचा थर उरला नाही, धातूवर धातू घासतोय. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. वळणावर लुकलुकली ती खालचं उरलेलं तेल एका बाजूला सरकत होतं म्हणून. दिवा दिसला की गाडी कडेला घ्या आणि मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी फिरवू नका, कारण इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा घट्ट लागतो. थांबल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. ऑइल कमी असेल तर भरून, दिवा गेला तरच पुढे जा. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं असूनही दिवा राहत असेल तर टोइंगच.

दुसरा तापमानाचा. तुमच्या गाडीत काटा असेल तर तो मध्यावर येऊन थांबतो आणि दिवसभर तिथून हलत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम तसा स्थिर ठेवलेला असतो, तापमान थोडं वरखाली झालं तरी काटा दाखवत नाही. म्हणून मध्यावरून वर सरकायला लागला की तो लाल पट्टीत जायची वाट बघू नका. काही गाड्यांत काटाच नसतो, इंजिन गार असताना निळा आणि फार तापल्यावर लाल, असे दोनच दिवे असतात. सकाळी निघताना निळा दिसला तर घाबरू नका, एक-दोन किलोमीटरमध्ये जातो. तो विझेपर्यंत गाडी जोरात रेटू नका एवढंच.

घाटात काटा चढायला लागला तर एसी बंद करा. तरीही चढतोय असं दिसलं तर खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर शेवटच्या नंबरवर करा. पावसाळ्यात वेडेपणा वाटेल, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो आणि सुरक्षित जागा येईपर्यंत वेळ मिळतो. लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली तर मात्र थांबून इंजिन बंदच. मग किमान अर्धा तास रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल झाल्याबरोबर ते उसळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतण्याची घाईही कुणाला करू देऊ नका, इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

तिसरा ब्रेकचा, वर्तुळात उद्गारचिन्ह. हँडब्रेक पूर्ण खाली करूनही राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालंय. पॅड झिजत गेले तरी पातळी खाली येते आणि गळती असली तरी येते. पॅडल दाबून बघा. मऊ लागलं किंवा खाली खाली जात राहिलं, तर गाडी हलवायची नाही. या लाल दिव्याबरोबर एबीएसचा पिवळाही लागला तरी तोच नियम. एबीएसचा एकटा लागला तर साधे ब्रेक चालू असतात, पण ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ शकतात, म्हणून अंतर दुप्पट ठेवा आणि लवकर दाखवा.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बॅटरी खराब, असं लोक समजतात. बहुतेक वेळा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चार्ज करत नसतो किंवा बेल्ट तुटलेला असतो. एसी, गाणी, मोबाइलचं चार्जिंग बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तापमानावर लक्ष ठेवा. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो.

पिवळ्यांमधला चेक इंजिन स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर चिपळूणला जाऊन या, आल्यावर स्कॅन करून घ्या. लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखादा सिलिंडर मिस होतोय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि तो महागडा भाग निकामी होतोय. वेग कमी करा आणि पहिल्या गॅरेजला थांबा.

गाडीत टुंग-टुंग वाजतं म्हणून विक्रेत्याने काही बिघाड लपवलाय का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांत ८० च्या वर वेग गेला की थांबून थांबून आणि १२० च्या वर सलग आवाज यायलाच हवा, असा नियम आहे. पुढच्या दोन्ही सीटच्या बेल्टचा आवाजही त्याच नियमातला. तो बंद करायला बेल्टच्या खाचेत नुसती क्लिप अडकवलेली असेल तर काढून फेकून द्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपा ऑनलाइन विकायला बंदी घातली, इतकी ती वस्तू घातक आहे. बेल्ट नसेल तर एअरबॅग वाचवण्याऐवजी इजा करू शकते.

याच विषयातलं एक मनापासून सांगतो. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅगची अक्षरं कोरलेली असतात, आणि आपल्याकडे गणपतीची मूर्ती नेमकी तिथेच चिकटवतात. ती एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि वरची वस्तू थेट समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर येते. आधीच्या मालकाने तिथे मूर्ती लावलेली असेल तर श्रद्धेने काढून देवघरात ठेवा.

घाट उतरतानाचं थोडं. आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा, काटा तिथे उपयोगी पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, काटा अडीच-तीन हजारांवर राहिला तरी इंजिनला काही होत नाही, उलट तेच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून उतरायचं, असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जाणंच बंद होतं. मीटरवर चालू मायलेजचा आकडा असेल तर तो अशा वेळी एकदम वर चढलेला दिसेल. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतंच.

आता ज्या गोष्टीने कुंभार्लीत सगळ्यात जास्त त्रास होतो ती: समोरची काच धुरकट होणं. पाच माणसं, ओल्या छत्र्या, बंद खिडक्या. लोक एका हाताने फडकं मारत गाडी चालवतात. आधी काचेच्या कोपऱ्यात आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर दव आतून आहे. एसी चालू करा, गार नको असेल तर तापमान वाढवा पण एसी चालूच ठेवा, कारण हवेतला ओलावा तोच काढतो. गाडीखाली टपकतं ते पाणी तेच. हवा काचेकडे वळवा (पंख्यासारखी काच आणि वर जाणाऱ्या नागमोडी रेषा, असं चिन्ह). आणि गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण बंद करा. ते चालू असलं की आतलीच दमट हवा फिरत राहते. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये धूर आत येऊ नये म्हणून ते बरं, घाटात नाही.

बोट फिरवूनही रेघ उमटली नाही तर दव बाहेरून आहे. एसी फार गार ठेवल्याने काच थंड झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. तेव्हा वायपर मारा, एसीचं तापमान वाढवा आणि काचेकडे जाणारी हवा बंद करा. उपाय अगदी उलटा असल्याने बोटाची परीक्षा आधी करायची. मागच्या काचेवर आडव्या बारीक तारा असतील तर तिचं वेगळं बटण असतं, चौकोनात नागमोडी रेषा. त्या तारांवर स्टिकर लावून खरवडू नका.

स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली ० ते ३ किंवा ४ आकडे असलेलं छोटं चाक दिसेल. बहुतेकांनी ते कधी फिरवलेलंच नसतं. मागे तिघं बसले आणि डिक्की भरली की गाडीचं मागचं अंग खाली बसतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तुम्ही अप्पर लावलेला नसला तरी. पूर्ण भरलेल्या गाडीत आकडा २ किंवा ३ वर न्या, परत आल्यावर ०. निळा दिवा दिसतोय म्हणजे अप्पर चालू आहे, समोरून गाडी आली की डिपर. पाऊस जोरात आहे म्हणून चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळतच नाही. ते लाल त्रिकोणाचं बटण थांबलेल्या गाडीसाठी आहे.

पेट्रोलच्या काट्याशेजारी छोटा त्रिकोण असतो, तो ज्या बाजूला त्या बाजूला टाकीचं झाकण. फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या माणसाने १९८६ साली पावसात चुकीच्या बाजूने गाडी लावून भिजल्यावर हे सुचवलं होतं. पंपावर गर्दी असेल तेव्हा त्याची आठवण येईल.

शेवटचं मुलीसाठी. मागचं दार उघडलं की त्याच्या कडेला, लॉकच्या वर किंवा खाली, छोटा खटका असतो. काही गाड्यांत चावी घालून फिरवायची खाच असते. दोन्ही दारांना तो लावा. मग काच खाली करून स्वतः आत बसा, दार ओढून घ्या आणि आतल्या हँडलने उघडून बघा. उघडलं नाही म्हणजे लागलं. खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरच्या हँडलने उघडता येईल. ड्रायव्हरच्या दारावर काचांच्या बटणांशेजारी एक लॉकचं बटण असतं, ते दाबलं की मागच्या काचाही मुलीच्या हाताने उघडणार नाहीत.