रिपोर्ट नॉर्मल, मग पाय का जळतात?

प्रश्न: आईला बारा वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू. रात्री तळपायांची नुसती आग आग होते, चादरसुद्धा सहन होत नाही. नर्व्हची टेस्ट केली तर नॉर्मल, आता घरातले म्हणतात मनाचे खेळ आहेत. – एक वाचक, कोथरूड

उत्तर: मनाचे खेळ वगैरे अजिबात नाही हो! ती टेस्ट जाड नसांचीच असते, आग होते ती बारीक नसांमुळे, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. डॉक्टरांना पाय नीट तपासायला सांगा, टोचणं, कंप, स्पर्श जाणवतो का ते बघायला टाचणी, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा), १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा, दहा मिनिटांचं काम, पण बूट काढायला सांगतंय कोण! एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइड, किडनी बघा आणि बी१२ व्हिटॅमिन तर बघाच, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं. प्रीगॅबालिन किंवा ड्युलोक्सेटिन या औषधांनी आग कमी होते, नस बरी होत नाही, आणि प्रीगॅबालिनने गरगरतं म्हणून रात्री उठताना सांभाळून. चटका बसलेला कळणारही नाही कदाचित, म्हणून गरम पाण्याची पिशवी नको, एप्रिलमध्ये पर्वतीच्या फरशीवर अनवाणी तर नकोच. रोज तळवे बघा.

मात्र चार दिवसांत पायातली ताकदच जायला लागली तर ते वेगळं, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) पेशंट निघाले होते ना, तसं असू शकतं, थेट हॉस्पिटल गाठा.