यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल : १९८८ चं मॉडेल घ्यावं की १९९५ चं?

रोज लातूर-औसा फिरायचं असेल तर १९९५ चीच घ्या. जपून ठेवायची असेल तरच १९८८ ची. सुरुवातीच्या गाड्यांत जपानी पार्ट होते, त्यामुळे त्यांना भाव जास्त लागतो. इंजिन मात्र दोन्हींत ९८ सीसीच. मी टू-स्ट्रोकचंच, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइल जाळणाऱ्या इंजिनांचंच काम करतो, म्हणून सांगतो, सालापेक्षा क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनातला दांडा) बघा. गाडी चांगली तापू द्या. तरीही पांढरा धूर थांबेना आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्रँकचं सील गेलंय, इंजिन खोलावंच लागतं. हलका निळसर धूर चालतो, टू-स्ट्रोकच आहे ती. फक्त १९८८ वालीचं आरसी रिन्यू असेल, इंजिन नंबरवर घासल्याची खूण नसेल आणि किंमत सारखीच असेल, तर तीच उचला.