कोल्हापूरच्या बोर्डिंगात तेव्हा आणि आता

मुलाला आठवीपासून कोल्हापुरातील एखाद्या बोर्डिंगात ठेवण्याचा विचार आहे, तिथे पूर्वी राहिलेल्यांना आजचे बोर्डिंग कसे वाटते, असे आपण विचारले आहे. मी १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशाच एका संस्थेत राहून शिकलो आणि माजी विद्यार्थी संघाच्या कामामुळे आजही तिथे जाणे-येणे असते. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे.

इमारतीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कौले जाऊन स्लॅब आला, गरम पाण्यासाठी सोलर बसला, एवढेच. खरा फरक मुले तिथे कशासाठी येतात यात पडला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. सर्व जातींसाठी एकच वसतिगृह आधी करून पाहिले होते, पण व्यवहारात त्याचा फायदा एकाच वर्गाला होत राहिला, म्हणून हा मार्ग निघाला. शाळा शहरात आणि शिकणारा पोरगा गगनबावडा-भुदरगडच्या डोंगरात, हे अंतर राहण्या-जेवणाच्या सोयीने तोडायचे होते. आमच्या काळापर्यंत कारण तेच होते; माझ्या खोलीतल्या बहुतेकांच्या गावात सातवीच्या पुढे शाळाच नव्हती.

आता हायस्कूल जवळपासच्या मोठ्या गावात असते आणि एसटीचा सवलतीचा पासही मिळतो. त्यामुळे आज बोर्डिंगात येणारा मुलगा शाळेसाठी नव्हे, तर क्लाससाठी येतो. आठवीपासूनच मेडिकल-इंजिनिअरिंगच्या ‘नीट’ आणि ‘जेईई’ या प्रवेशपरीक्षांचे फाउंडेशन सुरू होते, शाळा हजेरीपुरती उरते. हे चूक आहे असे मी म्हणत नाही, पण पालकांनी ते समजून घ्यावे.

माझी तक्रार आहे ती मेसबद्दल, आणि ती चवीची नाही. जेवण आता निर्विवाद चांगले मिळते. आमच्या वेळी मेस मुलेच चालवत. दर महिन्याला एक सेक्रेटरी निवडला जाई. तो दोघांना बरोबर घेऊन लक्ष्मीपुरीत धान्य आणि कपिलतीर्थ मार्केटात भाजी घ्यायला जाई, आणि लांबट लाल वहीत रोजचा खर्च एका बाजूला व प्रत्येकाचे खाडे दुसऱ्या बाजूला मांडे. महिनाअखेरीस एकूण खर्चाला ताटांच्या संख्येने भागून येणारा दर फळ्यावर लिहिला जाई. दर वाढला की पंगतीतच जाब विचारला जाई, आणि दहावीतल्या मुलाला तेलाचा डबा लवकर का संपला याचे उत्तर सर्वांसमोर द्यावे लागे. ज्यांना मेस परवडत नसे त्यांचा डबा गावाहून एसटीने येई. झाकणावर ऑइलपेंटने नाव आणि गाव लिहिलेले, वर धडप्याची गाठ. संध्याकाळच्या राधानगरी गाडीला तो उतरवून घ्यायला स्टँडवर कोणी जायचे, याच्याही पाळ्या ठरलेल्या असत. त्या डब्यातली भाकरी मेसच्या आमटीत बुडायची आणि मेसची भाजी डबेवाल्याच्या ताटात जायची. रेक्टर सरांनी ते कधी पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले.

आज मेस ठेकेदाराकडे आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की, खाद्यपरवाना, स्वच्छतेची तपासणी आणि पालकांचे फोन हे सगळे सांभाळायचे तर मुलांच्या हाती कारभार देता येत नाही. ते मला पटतेही. तरी निदान हिशेबाची वही मुलांकडे द्यावी, असे आम्ही संघातर्फे दोनदा सुचवले आणि दोन्ही वेळा चहा पाजून आमची बोळवण झाली.

जातीचे नाव अनेक पाट्यांवर अजून आहे. आमच्या संस्थेत मात्र इतर समाजांच्या मुलांना बऱ्याच वर्षांपासून प्रवेश मिळतो, आणि क्लासची फी भरू शकणाऱ्यांचीच मुले मोठ्या संख्येने येतात. म्हणजे जातीची भिंत बरीच खाली आली, पण डोंगरातल्या ज्या पोरासाठी हे सारे उभारले होते तो आता यादीत शोधावा लागतो. मोबाइल रात्री जमा करून घेतात, त्यावर मी काही बोलणार नाही. आमच्या वेळी असता तर आम्हीही लपवलाच असता.

आपण बोर्डिंग पाहायला जाल तेव्हा पालकभेटीचा रविवार टाळा आणि आठवड्याच्या मधल्या वारी रात्री जेवणाच्या वेळी जा. आजारी पडलेल्या मुलाजवळ रात्री कोण असते, रेक्टर आवारातच राहतात का, आणि क्लासहून आल्यावर मुलाला खेळायला किती वेळ उरतो, हे तीन प्रश्न ऑफिसात विचारा. नंतर तेच प्रश्न नववीतल्या एखाद्या मुलाला वेगळे गाठून विचारा आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहा.