दहाव्या नंबरचा संघ चॅम्पियन कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची ज्या एनसी स्टेटमध्ये (नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात) शिकते, तिथला पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०२४ साली एसीसीच्या (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स; कॉन्फरन्स म्हणजे आपसात साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) साखळीत दहावा होता, मग पाच दिवसांत तोच चॅम्पियन कसा झाला? आणि असंच असेल तर जानेवारीपासून साखळी खेळायचीच कशाला?

रालेला, म्हणजे एनसी स्टेटच्या गावी, नवा होतो तेव्हा ऑफिसात मीही हेच विचारलं होतं. शेवटी बुडवायचाच असतो तर गणपती बसवायचा कशाला असं विचारल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधी एक गोष्ट. एसीसीत साखळीत पहिला येणारा संघ अधिकृत चॅम्पियन नसतोच. मार्चमधली बाद फेरीची स्पर्धा जो जिंकेल तो चॅम्पियन. साखळीतून मिळतं ते मानांकन, आणि मानांकनातून मिळते विश्रांती. त्या वर्षी १५ संघ होते. पहिल्या चौघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल, म्हणजे तीन सामने जिंकले की करंडक. पाच ते नऊ नंबरवाल्यांना चार सामने. दहाव्यापासून खालच्यांना पाच, तेही मंगळवार ते शनिवार, रोज एक. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा. चौथ्या दिवशी उडी मारताना पाय काय बोलतात ते खेळलेल्यालाच ठाऊक.

एनसी स्टेट या स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला पोचला तेव्हा १७ विजय, १४ पराभव, आणि साखळीतले शेवटचे चारही सामने हरलेले. तिथे लुइव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक असे तीन गेले. चौथ्या दिवशी समोर व्हर्जिनिया. पाचेक सेकंद उरलेली, व्हर्जिनिया ५८-५५ ने पुढे, आणि फ्री थ्रोही त्यांचाच. हा 'वन-अँड-वन' प्रकार क्रूर असतो: पहिला आत पडला तरच दुसरा मिळतो. पहिलाच हुकला. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, एनसी स्टेटकडे. मायकल ओ'कॉनेल चेंडू घेऊन धावत आला आणि बजर वाजायच्या आत त्याने लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, फेकला. चेंडू बोर्डावर आपटला, रिंगवर घुटमळला आणि आत पडला. ५८-५८! जादा वेळेत ७३-६५ ने सामना खिशात. दुसऱ्या दिवशी अव्वल मानांकित नॉर्थ कॅरोलिनाला ८४-७६ ने हरवलं. १९८७ नंतरचं पहिलं एसीसी विजेतेपद. पुढे गडी राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार संघांत, गेले.

आता या कॉन्फरन्स स्पर्धेला एवढं महत्त्व का? राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतात. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला त्यात हक्काची जागा. उरलेल्या जागा निवड समिती वाटते. ड्यूक किंवा नॉर्थ कॅरोलिना कॉन्फरन्स स्पर्धेत हरले तरी समिती त्यांना सहसा घेते. एनसी स्टेटला मात्र समितीने दारातही उभं केलं नसतं. शिवाय अशी अनपेक्षित जागा पटकावली, की काठावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता कटतो. छोट्या कॉन्फरन्समध्ये तर बहुतेकदा एकच जागा असते. हंगामभर पहिल्या नंबरावर राहिलेला संघ एका संध्याकाळी घसरला की राष्ट्रीय स्पर्धा संपली. आयव्ही लीगवाले (हार्वर्ड, येल वगैरेंची कॉन्फरन्स) २०१७ पर्यंत अशी स्पर्धा घेतच नव्हते, साखळीतल्या पहिल्यालाच पाठवायचे. मला विचाराल तर तेच जास्त न्याय्य. पण बघायला मजा कशात, ते वेगळं.

पूर्वी तर मोठ्या कॉन्फरन्सनाही एकच जागा असायची. १९७४ ची एसीसी फायनल, ग्रीन्सबरो. एनसी स्टेट देशात पहिला, मेरीलँड चौथा. जादा वेळेत मेरीलँड १००-१०३ असा हरला आणि घरी बसला, कारण तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्सचा एकच संघ जायचा. एनसी स्टेटने पुढे उपांत्य फेरीत यूसीएलएला हरवून राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं. म्हणजे मेरीलँड किती तोडीचा होता बघा! १९७५ पासून एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघ घ्यायला लागले. त्या बदलामागे या सामन्याचा मोठा हात होता असं इथले जुने लोक हमखास सांगतात. मेरीलँडवाल्यांना मात्र त्याचं काही कौतुक नाही.

राहिला तुमचा 'साखळी कशाला' हा मुद्दा. २०२४-२५ पासून स्टॅनफर्ड, कॅल आणि एसएमयू येऊन एसीसीत १८ संघ झाले (पॅसिफिकच्या काठावरचे संघ 'अटलांटिक कोस्ट'मध्ये, असो). २०२५ च्या स्पर्धेत त्यातल्या पहिल्या १५ जणांनाच प्रवेश होता. एनसी स्टेटचा साखळीत बोऱ्या वाजला, एकूण १२ विजय, १९ पराभव. गतविजेत्यांना शार्लटच्या त्या स्पर्धेत पाऊलही टाकता आलं नाही, आणि प्रशिक्षक केविन कीट्स यांची नोकरीही गेली.