‘प्रभूने बोलावलंय’ आणि घराचा हप्ता

“मॅडम, प्रभूने मला लिहायला बोलावलंय असं मी म्हणतो आणि महिन्याच्या महिन्याला पगारही घेतो. हा अविश्वास नाही का?”

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी उपासनेची गीतं रचतं, कुणी साक्षी, म्हणजे देवाचे आपल्याला आलेले अनुभव, लिहून ठेवतं, कुणाच्या कपाटात अर्धी कादंबरी पडून असते. मी धुळ्यात समुपदेशन करते. माझ्याकडे नवापूर-साक्री भागातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं येतात. त्यांतल्या एका घराची ही हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत त्यांना सगळे सर म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्यांच्या पत्नी नर्स आहेत, म्हणून त्या सिस्टर.

सर आश्रमशाळेत मराठी शिकवतात. वय चाळिशीच्या पुढे, घरची बोली मावची, लिहिणं मराठीत. आजीच्या पिढीत घर ख्रिस्ती झालं. आजीच्या, मामांच्या, मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) जुन्या माणसांच्या कथा ते गेली कित्येक वर्षं लिहीत आले आहेत. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ते रजा टाकून गेले होते. पुस्तकांच्या दालनांतून दिवसभर फिरले आणि घरी आले ते एक निश्चय करूनच: आता पूर्ण वेळ लिहायचं. राजीनामा लिहूनही ठेवला. सिस्टरांना तो शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडला.

दोघं आले तेव्हा खुर्चीत टेकायच्या आत सिस्टर म्हणाल्या, “यासले तुम्हीच समजाडा, मॅडम.” त्या साक्रीच्या, रागावल्या की अहिराणीवर येतात. मुलगी बारावीला, नीटची तयारी चाललेली, घराच्या कर्जाची बरीच वर्षं बाकी. सर २००५ नंतर नोकरीला लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनचा आधारही नाही.

‘प्रभू माझ्याशी बोलला’ असं कुणी म्हणालं की मी आधी काही साधे प्रश्न विचारते. झोप किती लागते? दोन-तीन तास झोपूनही अंगात भलताच उत्साह असतो का? पैसे उधळले जातात का? बोलण्याचा वेग घरच्यांना खटकतोय का? कानात प्रत्यक्ष आवाज येतो का? यांतलं काही असेल तर लेखनावरची चर्चा थांबवून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. (हे प्रश्न मी नास्तिकांनाही विचारते, तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नये.) सरांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘प्रभू बोलला’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की प्रार्थना करताना किंवा वचन वाचताना एखादी गोष्ट मनात पक्की झाली. तेवढ्यावरून माणसाला आजारी ठरवायचं कारण नाही.

पण ते पाचारण, म्हणजे ते बोलावणं, खरंच देवाचं आहे का, याचा दाखला मी देऊ शकत नाही, हेही मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. सर जरा नाराज झाले. त्यांना कुणाची तरी सही हवी होती.

मग त्यांनी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांना पुढे केलं. “टिळकांनीही मिशनची नोकरी सोडलीच ना?”

सोडली, हे खरं. पण कधी सोडली तेही बघावं लागतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. मिशनची नोकरी सोडून ते ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडायला निघाले ते १९१७ साली. मधली वीस-बावीस वर्षं शिकवणं, उपदेश, ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचं संपादन हे सगळं चालूच होतं आणि कविताही त्याच धबडग्यात होत होत्या. १९१९ साली ते गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं काव्य अपुरं राहिलं, ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. (आपल्या धरणगावात जन्मलेले बालकवी काही काळ नगरला याच टिळकांच्या घरी राहिले होते. खानदेशातल्या ख्रिस्ती लेखकांनी हे जरा मिरवायला हरकत नाही.) मी सरांना म्हटलं, टिळकांचा दाखला द्यायचा तर वीस वर्षांसकट द्या.

माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: मी लिहावं का, आणि मी नोकरी सोडावी का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की दुसऱ्याचंही ‘हो’च, असं धरून चाललं जातं. ते तसं का असावं? बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतलं त्या तर्तियाला पत्रात एक ओळ मिळाली आहे, शेवटच्या अध्यायात, सलाम सांगण्यापुरती. तो पोटासाठी काय करत होता ते कुणी नोंदवलेलं नाही. आणि लूक तर त्याच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सुरुवातीला दृष्टान्ताचा उल्लेखही करत नाही. तो म्हणतो, पुष्कळांनी हे लिहायला घेतलंय, मीही सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध केलाय, तेव्हा मलाही नीट क्रमाने लिहावंसं वाटलं. बस, एवढंच. लूकने चिन्हाची वाट पाहिल्याचं कुठे दिसत नाही. सरांनी हा परिच्छेद किती वेळा वाचला असेल, शिकवलाही असेल. तो त्यांनी माझ्यासमोर पुन्हा वाचला आणि गप्प बसले.

मी त्यांना वहीच्या मागच्या पानांवर एक नोंद ठेवायला सांगितली. राजीनाम्याचा विचार जोरात उसळतो तो वार, ती वेळ आणि त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायचं. त्या दिवशी लेखन झालं की नाही, तेही.

महिना-दीड महिन्याची पानं घेऊन ते आले तेव्हा मला फार बोलावं लागलं नाही. वसतिगृहाच्या रात्रीच्या ड्युटीनंतरच्या सकाळी तो विचार हमखास. ऑनलाइन माहिती भरायचं काम अंगावर पडलं की पुन्हा. मुख्याध्यापकपदाचा चार्ज त्यांना डावलून दुसऱ्याकडे गेला, त्या आठवड्यात तर रोज. आणि ज्या दिवशी दोन पानं मनासारखी उतरली, त्या दिवसांपुढे राजीनाम्याची नोंदच नव्हती.

“म्हणजे मला लिहायचं नाहीच, नुसतं पळायचंय?” सर कडवटपणे म्हणाले.

मला तसं वाटलं नाही आणि मी तसं सांगितलंही. शाळेतली दमणूक खरी होती, अपमानही खरा होता आणि लिहिण्याची ओढही खरी होती. फक्त दमणुकीचं गाऱ्हाणं पाचारणाच्या नावाने मांडलं जात होतं. देवाचं नाव घेतलं की बायकोला वाद घालता येत नाही, हाही त्यातला एक भाग होता. सिस्टरांनी तो लगेच ओळखला. मग आम्ही दोन भेटी निव्वळ शाळेवर बोललो. रात्रीच्या ड्युटीचं वेळापत्रक बदलून घ्यायला त्यांनी कधी तोंडच उघडलं नव्हतं. ते उघडलं आणि अर्धं काम झालं. चार्जच्या प्रकरणाचं मात्र काही झालं नाही.

यानंतर लूकच्याच चौदाव्या अध्यायातला तो माणूस, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करणारा. सरांना तो पाठ होता, कागद-पेन घेऊन मात्र ते कधी बसले नव्हते. हप्ता, मुलीचे क्लास, किराणा, गावी आईला पाठवायचे पैसे, मंडळीला द्यायचा दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा. दुसऱ्या बाजूला लेखनातून येणारी रक्कम. तिथे सर बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी शून्य लिहिलं. मराठीत कथा लिहून घर चालवणारे लोक मला तरी भेटलेले नाहीत. हे सांगायला मला मुळीच आवडत नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही एक रंगीत तालीम केली. सुट्टीभर सरांनी पूर्ण वेळ लेखकासारखं राहायचं: शिकवणी नाही, लग्नांना जाणं नाही. सकाळ छान जायची. दुपारनंतर हात चालेना, घर खायला उठायचं, शाळेतल्या पोरांची आठवण यायची. सुट्टी संपता संपता त्यांनीच सांगितलं की दिवसाकाठी दोन-अडीच तासांपलीकडे त्यांचं लिखाण पुढे जात नाही. नोकरीत असताना त्यांना पहाटे एक तास मिळायचा. म्हणजे भांडण रोजच्या दीड तासाचं होतं, आणि त्यासाठी आख्खा पगार द्यायला निघाले होते. तो वेळ काढायला सिस्टरांनीच मदत केली. पहाटेचं दूध आणणं त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि रविवारी दुपारी मंडळीच्या कुठल्याही कमिटीला सर ‘नाही’ म्हणतील असं ठरलं. हे ‘नाही’ त्यांना राजीनाम्यापेक्षा जड गेलं.

खरी अडचण यानंतर वर आली. मुळात मला तीच महत्त्वाची वाटते.

सरांची सगळ्यात चांगली कथा आजीवर आहे. बाप्तिस्मा झाल्यावरही होळी आली की तिच्या ओठांवर जुनी गाणी यायची, मग ती लाजून थांबायची. कथा एवढीच. पाळकसाहेबांनी ती वाचली आणि प्रेमाने म्हणाले, “सर, शेवटी ती पश्चात्ताप करते असं दाखवा ना.” मामा म्हणाले, घराची अब्रू कशाला चव्हाट्यावर? उलट नंदुरबारच्या एका लेखक मित्राने वाचून विचारलं, हा धर्मप्रचार आहे का? दोन्हीकडून असं आल्यावर सरांनी वही बंद केली होती. नोकरी सोडली की सगळं सुटेल, हा विचार त्यानंतरचा.

ही कोंडी मराठी ख्रिस्ती लेखकाला नवी नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याचा तापट स्वभाव, विक्षिप्तपणा, संसारातली ओढाताण सगळं मोकळेपणाने, हसत हसत लिहिलं. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. त्या पुस्तकाने टिळक लहान झाले असं कुणी म्हणत नाही. आणि ‘आपलं वाचणार कोण’ असं म्हणणाऱ्यांना मी आठवण करून देते, की २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

पण जिवंत माणसांच्या बाबतीत मी मामांच्याही बाजूची आहे. नवापूरकडच्या छोट्या मंडळीत नाव बदलून काही उपयोग नसतो. लंगडा म्हातारा लिहिलं की कोण ते सगळ्यांना कळतं. म्हणून ज्याच्यावर लिहायचं त्याला छापण्याआधी वाचून दाखवावं, त्याचं ऐकावं, मग ठरवावं. पाळकसाहेबांच्या सूचनेवर माझं मत सरांनी विचारलं. मी विचारलं, “आजीने पश्चात्ताप केला होता का?” म्हणाले, “माहीत नाही. मी लहान होतो.” मग लिहिता येणार नाही, एवढंच मी म्हटलं.

संपादकांकडून परत आलेल्या कथांचं दुःख उरलंच. त्यावर मी यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूख याची बायबलमधली गोष्ट काढते. यिर्मयाने सांगितलं आणि त्याने गुंडाळी लिहिली, यहोयाकीम राजाने ती चाकूने कापून शेगडीत जाळली. मग दोघांनी ती पुन्हा लिहिली आणि तशीच आणखी वचनंही तिच्यात घातली. हे बहुतेकांना माहीत असतं. यिर्मयाच्या पुस्तकाचा पंचेचाळिसावा अध्याय कमी लोक वाचतात. तिथे हाच बारूख कण्हून कण्हून थकलेला आहे आणि देव त्याला विचारतो, तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींच्या मागे आहेस का? त्या मागे लागू नकोस. तुझा जीव वाचवीन, एवढं देतो. पुस्तक गाजेल असं काही देव त्याला सांगत नाही. सरांना हा अध्याय आवडला नाही. मला वाटतं, लेखकाला तो आवडू नयेच.

सर अजून शिकवतात. आजीची कथा मामांना वाचून दाखवली. मामांनी दोन जागी आक्षेप घेतला, सरांनी एक मानला, एक नाही. ती कथा एका दिवाळी अंकाने परत पाठवली, दुसऱ्याचं उत्तर यायचं आहे. वडिलांच्या बहिणीला ती होळीची गाणी अजून येतात असं कळल्यावर ते मोबाईलवर रेकॉर्ड करून आले आणि आता त्यांना कथेपेक्षा गाणीच गोळा करावीशी वाटू लागली आहेत. मुलीच्या प्रवेशाचं होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढायचा नाही असं नवराबायकोने ठरवलंय. सिस्टरांना वाटतं विषय संपला, सरांना वाटतं तो पुढे ढकललाय. पुढच्या भेटीला मी दोघांनाही बोलावलं आहे.