विंडोज सोडून लिनक्सवर (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) गेल्यानं सरकारी कार्यालयांचे पैसे खरंच वाचतात का?

वाचतात. लायसन्सपेक्षा मशिनांचे जास्त. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे अपग्रेड करायचं तर धडधाकट मशिनं भंगारात घालायची. तीच मशिनं लिनक्सवर आरामात चालतात.

मी इंदूरला सरकारी कार्यालयांच्या कॉम्प्युटर देखभालीची कामं करतो. लिनक्स टाकणं किरकोळ काम. गाडी अडते ती कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टपाशी. त्यात फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. इथले जुने आदेश, नोटशीट सगळं कृतिदेवमध्ये टाइप केलेलं. फॉन्ट नसलेल्या मशिनवर फाइल उघडली की 'भारत'च्या जागी रोमन अक्षरांत एच-के-के-जे-आर असं काहीतरी दिसतं आणि बाबूजी ओरडतात, "भिया, फाइल बिगाड़ दी!" फॉन्ट टाकून वेळ मारून नेता येते, पण कधीतरी सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशिनवर देवनागरी नीट दिसेल अशा पद्धतीत) आणावंच लागतं. आणलं की एकेक जोडाक्षर डोळ्यांखालून घालायचं. या कामाचे तास कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतात.

फ्रान्सच्या जांदार्मरीनं (तिथलं एक पोलीस दल) हे शहाणपणानं केलं. २००५ मध्ये फक्त ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि २००८ पासून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). लोकांचा हात बसल्यावर खालची सिस्टिम बदलली. म्युनिक महापालिकेनं २०१३ पर्यंत सुमारे १५,००० मशिनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा ठराव केला. त्यात तंत्रापेक्षा राजकारण जास्त होतं, असं माझं मत.

आपल्याकडे केरळच्या शाळा आणि देशभरातली जिल्हा न्यायालयं बरीच वर्षं लिनक्सवर आहेत. केंद्राच्या २०१५ च्या धोरणानुसार ओपन सोर्सला (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरला) प्राधान्य द्यायचं, न घेतल्यास कारण द्यायचं. कारण काय, ते सापडतंच म्हणा. आणि स्वदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे ओपन सोर्स नव्हे, हा घोळ साहेब लोक हमखास घालतात.

तुमच्या कार्यालयात करायचं असेल तर आधी मॅक्रोवाल्या (आत छोटे प्रोग्राम लिहिलेल्या) एक्सेल शीट शोधा, लिनक्सवर त्या अडू शकतात. पगारपत्रकाची एखादी असतेच, आणि ती बनवणारा बहुधा रिटायर झालेला असतो. ई-टेंडरचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण) ज्या मशिनवर चालतं, त्याला मात्र शेवटपर्यंत हात लावू नका.