व्हॅम्पायरला ‘आत्मा’ परत मिळतो म्हणजे नेमकं काय मिळतं?

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या अमेरिकन टीव्ही मालिकेबद्दल मराठीत लिहिताना तिच्यातल्या एंजल या व्हॅम्पायरला ‘द्विधा मनःस्थितीतलं, आत्मा असलेलं पिशाच्च’ म्हटलं तर वाचणारे हसतात, मग म्हणायचं काय, असा प्रश्न आहे.

हसणारच. आपल्याकडे पिशाच्च म्हणजेच मुळी आत्मा. अतृप्त, भटकणारा, पण आत्माच. मुंजा असो, समंध असो की हडळ, देह सुटला आणि जीव अडकला हीच सगळ्यांची रड. मालिकेतला व्हॅम्पायर नेमका उलटा: देह शाबूत, आत्मा निघून गेलेला आणि त्या रिकाम्या घरात दैत्य ठाण मांडून बसलेला.

याच्या सगळ्यांत जवळ जातो वेताळपंचविशीतला वेताळ. तोही प्रेतात शिरूनच विक्रमाच्या खांद्यावर चढतो. पण तो शब्द मी वापरणार नाही. तळकोकणात आणि गोव्यात वेताळ हा देव आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री राखणीसाठी फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. त्याचं नाव रक्त पिणाऱ्याला कोण देईल? ‘रक्तपिपासू’ म्हणावं तर तो शब्द वर्तमानपत्रांनी हुकूमशहांना देऊन टाकलाय. सरळ ‘व्हॅम्पायर’ लिहा, सगळ्यांना कळतं.

खरी अडचण आत्म्याचीच. मालिकेत १८९८ साली एंजल एका रोमा (जिप्सी) मुलीला मारतो आणि तिची माणसं त्याला त्याचा आत्मा परत देतात, शिक्षा म्हणून, केलेलं सगळं त्याला टोचत राहावं यासाठी. याला ‘आत्म्याचा शाप’ म्हटलंत की मराठीत भलताच अर्थ निघतो: कुणा आत्म्याने त्याला शाप दिला! शिवाय गीतेतला आत्मा शस्त्राने तुटत नाही, आगीने जळत नाही; तो जातो कुठे आणि परत येतो कुठून? इथे अभिप्रेत आहे ती सदसद्विवेकबुद्धी. पण हा शब्द संवादात घातला तर बोलणाऱ्याला धाप लागेल. नुसता ‘विवेक’ही चालत नाही. ‘एंजल’ या पुढच्या मालिकेच्या चौथ्या पर्वात तो आत्मा काढून बरणीत ठेवतात आणि बरणी तिजोरीतून गायब होते. तिथे ‘विवेक चोरीला गेला’ लिहिलं तर अग्रलेखच वाटेल.

म्हणून माझ्या मते घटना सांगताना ‘आत्मा’च ठेवावा आणि त्याची तगमग सांगताना ‘मन’ वापरावं. ‘त्याचं मन त्याला खातं’ हे तर इथे चपखल बसतं. माणसं खाणं सोडलेल्याला आता हे खाणारं. ‘द्विधा’ मात्र काढाच. नोकरी सोडू की नको, ही द्विधा. एंजलला पुढे काय करायचं ते बहुतेक वेळा ठाऊक असतं, मागे केलेलं त्याला पोखरतं.

आणि क्रियापद जपून वापरा. एंजलच्या गळ्यात आत्मा मारला जातो. स्पाइक हा दुसरा व्हॅम्पायर मात्र ‘बफी’च्या सहाव्या पर्वाच्या शेवटी आफ्रिकेत जाऊन, जीवघेण्या परीक्षा देऊन तो मिळवतो. दोघांनाही ‘आत्मा मिळाला’ लिहून मोकळे झालात, तर ‘एंजल’च्या पाचव्या पर्वात स्पाइक हाच फरक एंजलच्या तोंडावर फेकतो, तेव्हा मराठी वाचकाला त्यातलं काही कळणार नाही.